पहिला हाफ तुझ्या नियमांनी

एडविन, काल इरा जिना धावत चढली. लिफ्ट बंद होती आणि शेजारच्या आजींचं पार्सल खाली वॉचमनकडे आलं होतं, ते घेऊन ही दोन-दोन पायऱ्या एकदम चढत आली. मी दारातच उभी होते. ती वर आली तेव्हा चेहरा लालबुंद, छाती वर-खाली होत होती. मी तिचं मनगट धरलं. तिला वाटलं, मी पार्सल घेतेय. मी नाडी बघत होते. ते लक्षात आल्यावर तिनं हात सोडवून घेतला, "मम्मा, आय रॅन अप द स्टेअर्स. दॅट्स ऑल," म्हणाली आणि आत निघून गेली.

असं चाललंय आमचं. तुला वसईच्या मातीत ठेवून आलो त्याला अजून दोन महिने व्हायचेत. लोक फोन करून विचारतात, कशी आहेस? मी ठीक आहे म्हणते. रडू येतं असं सांगितलं तर त्यांना कळेल, धीर कसा द्यायचा हेही त्यांना ठाऊक आहे. पण रडायला मला अजून फुरसतच झालेली नाही. मला भीती वाटते, एडविन. सकाळी जाग येते तीच भीतीनं. इरा बाथरूममध्ये जास्त वेळ राहिली की मी दाराशी जाऊन उगीच काहीतरी विचारते. वेणी घालताना तिच्या पाठीवर तळहात ठेवते आणि आतली धडधड मोजू बघते, आणि मग माझीच धडधड इतकी वाढते की तिची कुठली आणि माझी कुठली ते कळत नाही.

हे सगळं तुला सांगायचं नाही तर कुणाला? आणि तुझ्यावर चिडायचंही आहे. ते राहूनच गेलं.

तू गेलास त्या रविवारी मी घरी मटण शिजवत होते, म्हणून जे घडलं ते मी इतरांकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. इथे दुबईत, अल कुसैसच्या आपल्या नेहमीच्या टर्फवर खोकेवाल्यांची फुटबॉल मॅच होती. खोकेवाले हे नाव माझं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या फॅक्टरीत तू मशीनं सांभाळायचास. तिथल्या पोरांना गोळा करून टीम काढलीत तेव्हा तुम्ही तिला काहीतरी भारदस्त इंग्रजी नाव ठेवलं होतं. ते माझ्या लक्षात राहिलं नाही. मी खोकेवाले म्हणत राहिले आणि काही दिवसांनी तुम्हीही म्हणायला लागलात.

तुमचे खोकेवाले एका गोलनं पुढे होते. थोडाच वेळ उरला होता. आणि अशा वेळी तू काय करायचास ते अख्ख्या अल कुसैसला माहीत होतं. तू पडायचास. चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला माणूस, कुणी धक्काही न देता धाडकन पडायचास, गुडघा धरून लोळायचास, आणि मध्येच एक डोळा उघडून रेफ्रीच्या हातातल्या घड्याळाकडे बघायचास. तेवढीच दोन मिनिटं खाल्ली जावीत म्हणून. मग तुमचीच पोरं एका सुरात ओरडायची, "यल्ला, ड्रामा खलास!" चल ऊठ, नाटक पुरे. हे ऐकू आलं की तू उठायचास आणि लंगडत जायचास, तेही चुकीच्या पायानं. मी बघायला असले की कपाळाला हात लावून घ्यायचे.

तर त्या दिवशीही तू पडलास. तुमच्या टीममधला बिनू ओरडला, "एडविनभाई, ड्रामा खलास!" बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या टीमचा कॅप्टन रेफ्रीशी हुज्जत घालायला लागला. इरा गोलच्या मागे तुझ्या बॅगेवर बसली होती. तीही ओरडली. तीसुद्धा हसत होती. मग बिनूच्या लक्षात आलं की तुझा हात गुडघ्यावर नाहीये.

हसण्यात गेलेल्या तेवढ्या वेळानं फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी ते इराकडे बघून सांगितलं, तिच्यासाठीच. पण इरानं मान वर केली नाही.

मग डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. तुझ्या हृदयाचा स्नायू जाड होता. कोलेस्टेरॉल नाही, ब्लॉकेज नाही, तुझं ते रात्रीचं लोणचं-पापड नाही. जन्मापासूनच तसा. "यह फॅमिली में चलता है," त्या म्हणाल्या. बापाला असलं तर मुलीत येण्या-न येण्याची शक्यता अर्धी-अर्धी. तुझ्या घरात कुणी असं अचानक, धडधाकट असताना गेलंय का, असं त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणणार होते. आणि मला तुझे वडील आठवले. केळीच्या वाडीत पाणी सोडताना पडले, तेव्हा तू शाळेत होतास. मग तुझे धाकटे काका, विहिरीच्या काठावर. दोन्ही वेळा तुमच्याकडे एकच सांगतात की ऊन लागलं. तुला मातीत ठेवलं त्या दिवशी तुझी आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "बापासारखाच गेला गं माझा एडविन. ऊन लागलं त्याला." जानेवारीत, एडविन! सगळे थंडीनं शाली गुंडाळून उभे होते, आणि एकानंही मान हलवून नाही म्हटलं नाही.

मी इथेच तुझ्यावर चिडते. इंग्लंडातल्या प्रत्येक क्लबचा जन्म तुला तोंडपाठ. कुठला क्लब कुठल्या चर्चच्या आवारात निघाला, कुठला कुठल्या कारखान्याच्या फाटकाशी, कुठला रस्त्यावरच्या दिव्याखाली जमलेल्या शाळकरी पोरांनी काढला, कुठला बुडाला आणि का बुडाला. दीडशे वर्षांपूर्वीच्या, सात समुद्रांपलीकडच्या लोकांची कुंडली तू मांडून बसायचास. आणि स्वतःच्या घरातले दोन पुरुष ऐन उमेदीत उभ्या-उभ्या का कोसळले, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही? गेल्या उन्हाळ्यात छातीत फडफडल्यासारखं झालं तेव्हा तू ॲसिडिटी म्हणालास आणि थंड दूध प्यालास. मीच ते गार करून दिलं होतं.

इतकं लिहून मी उठले होते. चहा करून आले. राग उतरला नाही, पण तुझा आवाज आठवायला लागला.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. सांगलीत आमच्या घरी क्रिकेट आणि तेही वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर. तू मात्र रोज फॅक्टरीच्या बसमधून या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास करत फोनवर तेच वाचायचास आणि रात्री जेवताना मला ऐकवायचास. क्लबांची नावं माझ्या डोक्यात राहायची नाहीत, मी त्यांना धंद्यावरून ओळखायचे. सुरीवाले, टोपीवाले, खोगीरवाले, तोफवाले, जहाजवाले, रेल्वेचे डबेवाले. तू कपाळावर आठ्या आणून म्हणायचास, "अगं, मोठमोठ्या क्लबांना काय बोहारणीसारखी हाक मारतेस!" आणि मग स्वतःच हसायचास, कारण तेच खरं होतं. ती सगळी कामावरची माणसंच होती. शनिवारी दुपारी कारखाने लवकर सुटायला लागले तेव्हा कुठे त्यांना खेळायला अर्धा दिवस मिळाला. "सुट्टी नाही तर क्लब नाही, मेधा," हे तुझं वाक्य. फॅक्टरीनं रविवार पूर्ण सुट्टीचा केला त्याच आठवड्यात तू खोकेवाले उभे केलेस.

तुमच्या लाल जर्सी आठवतात का? विचारते काय, तूच तर आणल्या होत्यास. तोफांच्या कारखान्यातल्या त्या कामगारांची गोष्ट तू सतरा वेळा सांगितली असशील. दुसऱ्या गावाहून कामाला आलेली माणसं, टीम काढली पण अंगात घालायला काही नाही. त्यांनी आपल्या गावच्या जुन्या क्लबाला कळवलं, आणि गावच्यांनी लाल शर्टांचा संच आणि एक चेंडू पाठवून दिला. तो क्लब आजही लालच घालतो. तूही वसईला आपल्या चर्चच्या टीमला फोन केलास. त्यांनी जुन्या, विटलेल्या लाल जर्सी दिल्या, तुझ्या आईनं त्या सुक्या बोंबलांच्या पिशवीतून पाठवल्या, आणि तीनदा धुऊनही तुमच्या टीमला तो वास येत राहिला. समोरचे खेळाडू अडवायला जवळ येत नाहीत, म्हणून तुम्ही खूश.

पण तुझी सगळ्यात आवडती गोष्ट वेगळी होती. घरात ती इतकी वापरली गेली की ती इंग्लंडची आहे हे आपण विसरलोच.

तेव्हा सगळ्यांचे नियम एक नव्हते. एका गावात चेंडू हातानं धरला तर चालायचं, दुसऱ्या गावात तो गुन्हा. मग दोन टीम समोरासमोर आल्या की खेळायचं कसं? एका चर्चच्या पोरांनी उन्हाळ्यात क्रिकेट असतं, हिवाळ्यात काय करायचं, म्हणून फुटबॉलची टीम काढली. पहिला सामना मिळाला तो शेजारच्या चर्चच्या रग्बीवाल्यांशी. ना हे त्यांचं खेळणार, ना ते यांचं. शेवटी ठरलं की पहिला हाफ त्यांच्या नियमांनी, लांबट चेंडू घेऊन, आणि दुसरा हाफ आपल्या नियमांनी, गोल चेंडू घेऊन. आणि खेळले की नीट! आज त्या पोरांचा क्लब केवढा मोठा आहे ते तू मला सांगायचास आणि मी विसरायचे.

आपलं लग्न तरी दुसरं काय होतं? तुझी आई चर्चशिवाय ऐकेना, माझे वडील अक्षतांशिवाय ऐकेनात. दोन्ही घरांत तोंडं फुगली होती. तू माझ्या वडिलांसमोर मांडी घालून बसलास आणि गंभीरपणे म्हणालास, "काका, पहिला हाफ आमच्या नियमांनी वसईला, दुसरा हाफ तुमच्या नियमांनी सांगलीला." वडील बघतच राहिले. मग म्हणाले, "आणि मध्यंतरात काय?" तू म्हणालास, "मिसळ." त्या दिवसापासून वडील तुझे झाले.

मग ते चालूच राहिलं. सुट्टी अर्धी वसई, अर्धी सांगली. इराशी तू अर्धा दिवस मराठी बोलायचं ठरवलंस, ती उत्तर इंग्रजीत देणार ते देणारच. आणि आपला सगळ्यात मोठा करार. अर्धं आयुष्य तुझ्या नियमांनी दुबईत, उरलेलं माझ्या नियमांनी सांगलीत. मी दर वर्षी विचारायचे, हाफ टाइम कधी? तू म्हणायचास, "रेफ्रीनं शिट्टी वाजवली की." यावरून आपण खूप भांडलो, एडविन. मागच्या दिवाळीतलं भांडण तर अर्ध्यावर राहिलंय. तू म्हणालास, नंतर बोलू. इन्शाल्ला म्हणालास, आणि इथे इन्शाल्ला म्हणजे देवाच्या नावावर पुढे ढकललेलं, ते मला माहीत आहे.

आता मूळ गोष्टीवर येते. ती टाळून टाळून इतकं लिहिलं.

इराच्या सगळ्या तपासण्या केल्या. जेल लावून छातीवर ते यंत्र फिरवतात, पडद्यावर काळं-पांढरं हृदय हलताना दिसतं. मी ते बघितलं. पोटात होती तेव्हा आपण दोघांनी बघितलं होतं, तेव्हा तू ओरडलास, "बघ, किक मारते!" आणि डॉक्टर हसल्या होत्या. या वेळी मी एकटी उभी होते आणि पडद्यावर प्रत्येक ठोक्याला पुढचा येतो की नाही ते बघत होते. सगळं नॉर्मल आहे. रक्ताच्या तपासणीतूनही ठाम काही निघालं नाही, ना हो, ना नाही. "आज का हार्ट बिलकुल ठीक है," डॉक्टर म्हणाल्या. "वाढत्या वयात बदलू शकतं, म्हणून दर वर्षी यायचं. आज मी हिला खेळू नको म्हणणार नाही. ग्राउंडवर हृदयाला शॉक द्यायचं मशीन हवं, ते चालवणारं माणूस हवं, आणि चक्कर, धडधड, काहीही झालं तर त्या क्षणी बाहेर." मी विचारलं, "आणि उद्या?" त्या म्हणाल्या, "उद्याचं लिहून देणारा डॉक्टर मला अजून भेटलेला नाही."

घरी येऊन मी इराला सांगितलं की या वर्षी ॲकॅडमी नाही, फुटबॉल नाही. पुढच्या वर्षी बघू. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि माझं तर सगळं घर पोळलं होतं.

तुला माहीत आहे ती कशी आहे. आदळआपट नाही, काही नाही. तिनं गोलकीपरचे ग्लव्ह्ज कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले, तुझ्या टोपीशेजारी. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी मी पोळ्या लाटत होते आणि ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"मम्मा, रिमेंबर दोज फॅक्टरी विमेन?"

कुठल्या बायका ते मला लगेच कळलं. तू तिला लहानपणी झोपताना सांगायचास. महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तोफगोळ्यांच्या कारखान्यांत बायका कामाला लागल्या, आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांनी चेंडू खेळायला सुरुवात केली. त्यांच्या टीम झाल्या. माणसं बघायला लोटायला लागली. लढाई संपली आणि फुटबॉलच्या कारभाऱ्यांनी फर्मान काढलं की क्लबांच्या मैदानांवर बायकांना बंदी. अर्धं शतक ती टिकली. इरा तेव्हा पाच-सहा वर्षांची असेल, ती दर वेळी विचारायची, "व्हाय, डाडा?" आणि तू जाड आवाज काढून म्हणायचास, "कारण हा खेळ बायकांच्या शरीराला झेपत नाही! डॉक्टरसुद्धा तेच म्हणतात!" मग दोघं मिळून त्या कारभाऱ्यांना शिव्या घालायचात.

"दे ऑल्सो सेड इट वॉज फॉर देअर हेल्थ," इरा म्हणाली.

माझं लाटणं थांबलं. मी म्हणाले, "इरा, ते परके लोक होते. मी तुझी आई आहे."

"आय नो. दॅट्स वर्स."

आणि मग ती रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. ती रडत म्हणाली की ॲकॅडमीची त्या टर्फवरची मॅच सोडली तर डोळ्यांसमोर एकच ग्राउंड राहतं, त्या दिवशीचं. त्याच्यावर दुसरं काहीतरी घडायला हवं. "आय शाउटेड इट टू, मम्मा. ड्रामा खलास. अँड आय वॉज लाफिंग." मी तिला जवळ घेतलं, पिठाच्या हातांनी. तिच्या पाठीवर हात होता आणि या वेळी मी ठोके मोजले नाहीत. मोजायचं सुचलंच नाही.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि तुझ्या आवाजात, अगदी तुझ्या त्या मांडी घालून बसलेल्या आवाजात, चक्क मराठीत म्हणाली, "पहिला हाफ तुझ्या नियमांनी. दुसरा हाफ माझ्या."

तुझ्याच कराराला मी नाही कशी म्हणू? ही अशी माणसं मागे ठेवून जातोस तू.

मी माझे नियम सांगितले. मशीन मैदानाच्या कडेलाच हवं. छातीत जरा काही झालं की बाहेर, हे दोन्ही हाफना लागू, त्यात वाटाघाटी नाहीत. आणि पहिल्या हाफमध्ये ती जितक्या वेळा पडेल तितक्या वेळा तिनं लगेच एक हात वर करायचा, म्हणजे मला लांबून कळेल. तिनं डोळे फिरवले. "कीपर्स फॉल ऑल द टाइम!" मी म्हणाले, माझा हाफ आहे. मग तिनं आपला नियम सांगितला. दुसऱ्या हाफमध्ये हात-बित काही नाही, आणि ती पडली तर मी जागेवरून उठायचं नाही. एवढा एकच नियम होता तिचा, पण तो माझ्या सगळ्या नियमांना पुरून उरला.

मशीनसाठी बिनूला फोन केला. तुझ्या त्या रविवारनंतर फॅक्टरीनं एक घेतलंय, आणि बिनूनं ते चालवायचं शिकूनही घेतलंय. म्हणाला, "भाभी, मैं लेके आएगा. पूरा टीम आएगा." मग म्हणाला, "हम लोग उसके बाद खेला नहीं. ट्राय किया था एक बार. कोई भी गिरता है तो सब का सांस रुक जाता है. वो दो वर्ड अभी कोई नहीं बोलता, भाभी." मी म्हणाले, माहीत आहे.

मॅच गेल्या शनिवारी दुपारनंतर होती, त्याच टर्फवर. इराच्या ॲकॅडमीच्या मुली विरुद्ध शारजाच्या मुली. शारजाच्या मुली जाममध्ये अडकून उशिरा आल्या आणि तेवढ्या वेळात मी तीनदा घरी परत जायचा विचार केला. तू पडलास ती मैदानाची बाजू मला बघवत नव्हती. बिनूनं न विचारताच सांगितलं, "भाभी, इधर नहीं, उधर बैठो," आणि मला दुसऱ्या बाजूला नेलं. खोकेवाले माझ्या दोन्ही बाजूंना ओळीनं बसले. सगळ्यांनी लाल जर्सी घातल्या होत्या. कितीही धुवा, बोंबलाचा वास अजून आहे.

पहिला हाफ मी जीव मुठीत धरून बसले. इरा पडली की लगेच हात वर. चेंडू अडवला, हात वर. पाय घसरला, हात वर. शारजाच्या मुली हसायला लागल्या, रेफ्रीलाही काही कळेना, तिला वाटलं ही कसली तरी तक्रार करतेय. तुमच्या त्या जुन्या काळात रेफ्रीकडे दाद मागितल्याशिवाय तो निर्णयच द्यायचा नाही, असं तू सांगायचास ते आठवलं. मीच दाद मागत होते, पोरगी बिचारी माझ्या वतीनं हात वर करत होती. प्रत्येक हाताला माझ्या जिवात जीव यायचा आणि पुढच्या किकला परत जायचा.

मध्यंतर झालं. इरा पाणी प्यायली आणि लांबूनच माझ्याकडे बघून तिनं दोन्ही हातांनी खाली बस अशी खूण केली. तिचा हाफ सुरू झाला.

एडविन, मी ते कसं सांगू? ती पडायची आणि मी बसून राहायचे. ती उठेपर्यंत जो काही वेळ जायचा त्यात मला केळीची वाडी दिसायची, विहीर दिसायची, मैदानाची ती पलीकडची बाजू दिसायची. मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते. बिनू मशीनचा पट्टा हातात गुंडाळून बसला होता. मला पळत जाऊन तिला उचलून घरी आणायचं होतं आणि दार लावून घ्यायचं होतं, कायमचं. पण मला दिसत होतं, ती ओरडत होती, बचावातल्या मुलींना हात करून इकडे-तिकडे हलवत होती, तोंडभर हसत होती. तू गेल्यापासून मी तिला असं बघितलं नव्हतं. घरी दार लावून मी जिला सांभाळत होते ती ही मुलगी नव्हतीच.

शेवटी-शेवटी इराच्या टीममधल्या मुलींनी एक गोल केला. आता थोडाच वेळ उरला होता. शारजाची एक मुलगी चेंडू घेऊन सुसाट आली, तिनं मारला, आणि इरानं आडवी उडी घेऊन तो पोटाशी धरला.

आणि ती उठली नाही.

चेंडूवर वाकून, गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. रेफ्री चालत तिच्याकडे निघाली. कुणीतरी हाक मारली. बिनू अर्धा उभा राहिला होता. मला उठता येत नव्हतं, तिचा तसा नियम होता. तुझं नाव घेत होते की देवाचं, ते आता आठवत नाही.

तेवढ्यात, हाफ तिचा होता, तरीही, तिचा एक हात वर आला. ग्लव्हमधला तो मोठा हात, पडल्या-पडल्याच, सरळ वर. आणि त्या हाताखालून तिनं मान थोडी वळवून एक डोळा उघडला. आधी रेफ्रीच्या घड्याळाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

ती वेळ काढत होती, एडविन! एका गोलनं पुढे, थोडाच वेळ बाकी, आणि ही तुझी पोरगी जमिनीवर पडून दोन मिनिटं खात होती. आणि डोळा माझ्यावर ठेवून थांबली होती. मैदानावरचं कुणीही ते दोन शब्द बोलणार नव्हतं. बिनू तर नाहीच. कुणाची वाट बघतेय ते मला कळलं.

मी बसल्या जागेवरून, घसा फाटेस्तोवर ओरडले, "इरा! यल्ला, ड्रामा खलास!"

आणि ती उठली. चेंडू काखेत मारून, माझ्यासमोरून लंगडत गेली, चुकीच्या पायानं.